बैठक भरतीला ठेवली आहे

मामा, तुझं तेरावं परवा झालं आणि आज त्यांनी बैठक भरतीला ठेवली.

ऐकलंस का? भरतीला! उद्या, पुनवेच्या मोठ्या भरतीला, दुपारी बाराच्या सुमाराला, देवळापुढे. काशिनाथ स्वतः दारात येऊन सांगून गेला. तुझा पुतण्या आता गावचा पाटील झालाय, डोक्याला नवा रुमाल बांधून फिरतो. मी मासळी कापत बसले होते. म्हणाला, "यमुताय, गावच्या विहिरीचा ठरवायचा हाय. पयले थोरले बोलतील, मंग बाकीचे. पूर्वीसारखा." मी विचारलं, "आनि पोरं?" तर म्हणतो, "पोरांनी ऐकावा." हातातला कोयता मी खाली ठेवला नाही, एवढंच तुला सांगते.

पोर वाईट नाही, मामा. विसाव्या वर्षी पाटीलकी गळ्यात पडली, चार म्हातारे दोन बाजूंना बसून कानाशी लागतात, तो तरी काय करणार? मी तोंड सोडलं तेव्हा त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि मग एक प्रश्न विचारला. "सुकतीची बैठक, पानी उतरल्यावरची, ही काकाची रीत व्हती. ती त्यानं का काढली, ता मना सांग. कारन सांगितलंस तर उद्याची बैठक मी सुकतीला नेतो. कारन कोनालाच ठाव न्हाय, तर रीत कशाला चालवायची?"

आणि मी गप्प. मी! आख्ख्या बंदरावर जिच्या तोंडाला कोणी लागत नाही ती यमू चौकटीत मासळीच्या हातानं उभी राहिली. कारण मलाही ते माहीत नाही. नऊ वर्षं तुला विचारत आले आणि नऊ वर्षं तू हसून जाळ्याची गाठ मारत बसलास.

म्हणून हे लिहायला घेतलंय. तुला अक्षर वाचता येत नव्हतं, तेव्हा लिहिलं काय आणि न लिहिलं काय. पण आयेशी भांडून मला शाळेत घातलंस ते तूच. चार यत्ता झाल्या तेव्हा "आता माझी भाची सरकारला कागद लिहील" म्हणून साऱ्या गावाला पेढे वाटलेस. घे मग. सरकारला नाही, तुलाच लिहितेय.

आपल्या किनाऱ्यावर ओहोटीला शुभ काम करत नाहीत, हे तुला मी सांगायला नको. लग्नाची सुपारी फोडायची तर भरतीला. नवी होडी पाण्यात लोटायची तर भरतीला. पाणी चढतं तसं काम चढावं, म्हणतात. ओहोटीला माणसाचा जीव जातो, आणि गाळात शिंपल्यातल्या शिवल्या काढायला पोरं आणि बायका उतरतात, दुसरं काही होत नाही. तूही ओहोटीलाच गेलास. पाणी उतरत होतं आणि मामी तुझ्या पायाला हात लावून बसली होती.

आणि तू, असल्या गावचा पाटील, नऊ वर्षं गावची बैठक ओहोटीला भरवलीस. देवळापुढे नाही, खाली, जिथे वाळू संपून गाळ लागतो तिथे. सगळ्यात धाकट्यानं आधी बोलायचं, मग त्याच्याहून मोठ्यानं, असं चढत चढत म्हाताऱ्यांपर्यंत, आणि पाटील शेवटी. दिघीची माणसं आपल्याला उलट्या पाण्याचं गाव म्हणायची. बाजाराच्या दिवशी तळा गावी गेलं तरी कोणीतरी विचारायचंच, "काय गं, तुमच्याकडे पाळण्यातली पोरं निवाडा करतात म्हणे?" मी म्हणायची, "व्हय, आनि तुमच्याकडे पाळण्यातल्या अकलेचे म्हातारे करतात." हे तुला सांगितलं की तू पोट धरून हसायचास. कारण मात्र सांगायचा नाहीस.

मला वाटायचं, कारण मी आहे. हसू नकोस. खरंच वाटायचं.

मी चौदा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. गावाला दगडी धक्का मंजूर झाला होता. आगबोट खाडीच्या तोंडाशी उभी राहणार, तिथून लहान होडी, पडाव, माणसं घेऊन येणार, आणि आता तो पडाव थेट दगडी धक्क्याला लागणार. चिखलातून पाय बरबटत जायला नको. दगड आणि चुना वरून, सरकारातून, येणार, हात गावाचे, आणि जागा गावानंच ठरवायची. गावानं ठरवायची म्हणजे तुझे चुलते, थोरले पाटील, यांनी. त्यांनी भरतीची वेळ काढली. देवळापुढे सगळे जमले. पाणी देवळाच्या पायरीला लागलेलं, स्वच्छ, हिरवंगार. थोरल्या पाटलांनी नारळ हातात घेऊन काठीनं जागा दाखवली. "हितंच. देवाच्या पायाशी. पुरुषभर पानी हाय." सगळ्या माना हलल्या.

मी मागे बायकांत उभी होते. आम्ही पोरी रोज ओहोटीला तिथंच तर उतरायचो. तुला कधी सांगितलं नाही, पण त्या गाळाच्या तुकड्यातुकड्याला आम्ही नावं ठेवली होती. देवळासमोर पाय धरून ठेवणारा गाळ होता त्याला सासू म्हणायचो. पलीकडे घट्ट वाळूचा एक पट्टा होता, तिथं टोपली टेकवून बसायचो, ते माहेर. थोरल्या पाटलांची काठी बरोबर सासूवर होती. मी काही विचार केला नाही रे, तोंडातून निघूनच गेलं. "थितं सुकतीला मांडीभर गाळ असतो! पडाव लागनार न्हाय!"

सगळं गाव वळून माझ्याकडे बघायला लागलं. कोणीतरी फिसकन हसलं. थोरले पाटील चिडलेसुद्धा नाहीत, ते मला जास्त लागलं. त्यांनी नुसतं विचारलं, "कोनाची पोर?" आणि तू उठलास.

तू, मामा. मला वाटलं तू माझ्या बाजूनं बोलणार. तू माणसांतून वाट काढत आलास, माझं मनगट धरलंस आणि मला चालवत घरी नेलंस. वाटेत एकच वाक्य बोललास, "भरतीच्या टायमाला असा बोलू नये." आयेनं मला एक ठेवून दिली. थप्पड काय, ती रोजचीच होती. पण मनगट तू धरलंस म्हणून मी रडले, आणि ते तुला दाखवायचं नाही म्हणून चुलीपुढे जाऊन बसले, धुरानं डोळे लाल झाले असं म्हणायला.

धक्का झाला. पाया घालायचा तर ओहोटीच लागते, तेव्हा घरटी एक माणूस त्या गाळात उतरला. मांड्यांपर्यंत रुतून सगळे दगड वाहत होते. तूही होतास. मी टोपलीनं चुना आणून देत होते आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. मनात म्हणायची, आता तरी दिसलं असेल! आता कोणी तरी म्हणेल! कोणी म्हणालं नाही. नारळ फुटला होता, थोरल्यांच्या तोंडून शब्द गेला होता. दगड रुतत होते तसे सगळे अजून दगड घालत होते.

पुढचं तुला ठाऊकच आहे, पण आठवून बरं वाटतं म्हणून लिहिते. भरतीला धक्का असा झोकात दिसायचा! आणि ओहोटी लागली की पडाव पार लांब उभा, मध्ये नुसता गाळ, आणि आम्ही बायका डोक्यावर टोपल्या घेऊन धक्क्यावरून गाळात उतरतोय. दिवेआगरचे ते नारळाच्या वाडीवाले, पांढरा कोट, जरीची टोपी, आपल्याकडे बोलणी करायला आले ते नेमके ओहोटीला. तिसऱ्या पावलाला कमरेपर्यंत. चार बायकांनी मिळून उपसून काढलं त्यांना. त्यांचा एक बूट अजून तिथंच कुठंतरी आहे. तू त्या दिवशी हसला नाहीस. मला नवल वाटलं होतं, कारण म्हशीनं कोणाचं धोतर चावलं तरी तू आठवडाभर हसणारा माणूस.

आणि त्याच गाळात माझ्या आयेचा गुडघा पिरगळला. तुझ्या सख्ख्या बहिणीचा. डोक्यावर सुक्या बोंबलांची टोपली होती, ती टाकायची नाही म्हणून ती तशीच फिरली, आणि पाय मागे राहिला. ती अजून लंगडते. तुझ्या तेराव्याला सगळ्यांच्या मागून आली ती त्यामुळेच.

थोरले पाटील गेले आणि पाटीलकी तुझ्याकडे आली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. तुझी पहिली बैठक, पडाव लागायची नवी जागा ठरवायला. तू दवंडी ओहोटीची दिलीस. लोकांना वाटलं, दवंडीवाल्याची चूक. निम्मे आलेच नाहीत, त्यांना घराघरातून उठवून आणावं लागलं. तू वाळूच्या कडेला मांडी घालून बसलास, आधी एवढं मोठं पान लावून तोंडात कोंबलंस आणि बोटानंच विचारलंस, सगळ्यात धाकटं कोण?

धाकटा निघाला काशिनाथ. अकरा वर्षांचा. हो, हाच, आजचा रुमालवाला. त्याला पुढे ढकललं. तो म्हणाला, "मना भूक लागली." हसून हसून लोक आडवे झाले. तू हसला नाहीस. पान तोंडात, डोळे जमिनीकडे, आणि हातानं खूण केलीस, आणखी बोल. मग तो घाबरत घाबरत म्हणाला की खडकाच्या टोकाला ओहोटीलाही पाणी राहतं, आम्ही पोरं तिथं पोहतो, तिथं उतरायला पायऱ्या केल्या तर बरं होईल. मग त्याच्याहून मोठी पोरं बोलली, मग पोरी, मग बायका, मग तरणे, मग म्हातारे. तोवर म्हाताऱ्यांकडे वेगळं बोलायला उरलंच नव्हतं काही. तू उठलास, पान थुंकलास आणि म्हणालास, "खडकावर." एवढंच. त्या पायऱ्या गावानं वरून काही न मागता आपल्या हातानं केल्या, आणि आज पडाव तिथंच लागतो.

पान तू मुद्दाम कोंबायचास, हे मला दुसऱ्या बैठकीत कळलं. आधी बोलायचा मोह होऊ नये म्हणून. तुझ्यासारख्या बोलभांड माणसाला जीभ बांधून ठेवायला दुसरा उपाय नव्हताच.

सगळं गोडच झालं असंही नाही. पोरांनी एका वर्षी हट्ट धरला, बोंबील वाळवायच्या काठ्या दक्षिणेच्या वाळूत रोवू, तिथं ऊन जास्त. बैठकीत तसं ठरलं. वारा सुटला आणि सगळी वाळू बोंबलांवर. महिनाभर आख्खं गाव किरकिर दात वाजवत जेवत होतं. म्हातारे तुझ्या ओटीवर चढून आले, बघ म्हणाले, पोरांच्या नादी लागून काय झालं! तू म्हणालास, "काठ्या उद्या उपटून आनू. एका दिवसाचा काम. देवलाखालचा धक्का कोन उपटनार हाय, ता सांगा." ते गेले. मी कुडाआडून ऐकत होते. त्या दिवशी मला तुझा फार अभिमान वाटला, आणि तुला मी तो सांगितला नाही, कारण आदल्याच दिवशी आपण भांडलो होतो.

कशावरून? तेच आपलं नेहमीचं. मी म्हणत होते, हे तुझ्या मर्जीवर चाललंय, मामा. तू आहेस तोवर आहे. कागदावर लिही, पंचांचे अंगठे घे, पोरांच्या आणि बायकांच्या बोलण्याला मान आहे हे ठरवून टाक. तू म्हणायचास, "होडीत लिवलेला असता का? होडीच्या पुढल्या टोकाला, नालेवर बसलेला बारका पोर वरडला की पुढं खडक हाय, तर तांडेल सुकानू वलवतो. तेचा वय कोन इचारतो?" मी म्हणायची, "होडीत सगळे मिळून बुडतात म्हणून ऐकतात. जमिनीवर ज्याला बुडायचं नाही तो कशाला ऐकेल?" यावर तू डोळे बारीक करून माझ्याकडे बघायचास आणि म्हणायचास, "चार यत्तांत एवढा शिकवतात?" झालं. भांडण तिथंच. पुढचं उद्या. असं करत करत तू उद्या संपवून टाकलेस.

बघ आता. कागद असता तर काशिनाथाच्या नाकासमोर धरला असता.

आज दुपारी तो गेल्यावर मी कारण शोधायला निघाले. आधी मामी. ती पडवीत सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिला विचारलं, तर म्हणाली, "भरती दुपारची असली की त्याला जेवून झोप यायची. म्हनून सुकतीला." मी म्हटलं, मामी, सुकतीसुद्धा दुपारची येते की. तर चिडलीच. "मना काय ठाव! बापयांच्या डोस्क्यातला बायकांना सांगतात का कधी?" मग डोळे पुसून म्हणाली, "दामाला इचार. होडीत दोघंच असायचे. थितं बोलला असंल."

दामा, तुझा जोडीदार. तुझ्याशिवाय त्याची होडी पंधरा दिवस वाळूवरच आहे. तो होडीच्या सावलीत बसला होता, हातात काही काम नव्हतं. मी शेजारी बसले आणि विचारलं, "दामाकाका, मी त्या दिवशी बोलले म्हणून मामाला गाळाचं कळलं, आणि त्याची लाज वाटून त्यानं ही रीत काढली. असंच ना?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला मासा म्हणजे काय ते विचारलं. "तुझ्यामुळं कलला? अगो येडे, तेला ठाव व्हता. आमाला सगल्यांनाच ठाव व्हता. आमी काय आभालातनं पडलो का? बारके असताना आमीच थितं शिवल्या काढल्या. तुझा मामा तर एकदा छातीपतुर रुतला व्हता, मीच वढून काढला. थोरल्या पाटलांनीबी काढल्या असतील त्यांच्या टायमाला."

मी म्हटलं, "मग बोलला का नाही कोणी?"

"थोरले आधी बोलले ना. थोरल्याच्या शब्दावर शब्द टाकायचा कसा? त्यात भरतीचा टाइम, हातात नारल." मग तो म्हणाला, "तुला घरी सोडून आल्यावर तो मना म्हनाला, दामा, पोरगी खरा बोलली आनि मी तिचा हात धरला. परत कधी बोलला न्हाय त्यावर."

मी उठून चालायला लागले. दामा मागून हाक मारत होता, मी थांबले नाही. घरी आले, दार लावलं आणि तुझ्यावर इतकी चिडले, मामा, की तू समोर असतास तर तुझं पान, तुझी रीत, तुझी पाटीलकी, सगळं त्या गाळात फेकलं असतं. तुला ठाऊक होतं! मी बारा वर्षं समजत होते की मी काहीतरी सांगितलं आणि तू शिकलास. मी काही सांगितलंच नव्हतं. तुम्हा सगळ्यांना माहीत असलेलं एका पोरीनं मोठ्यानं म्हटलं, एवढंच झालं होतं. आणि त्यासाठी मार मी खाल्ला. आयेचा गुडघा गेला. तेव्हा तू काय म्हणून गप्प बसलास? चुलत्याची एवढी भीती? का मान? का नुसतीच सवय? मला खरंच जाणून घ्यायचंय, आणि आता विचारायला तूच नाहीस. हा कुठला न्याय?

इथपर्यंत लिहून मी कागद घडी करून ठेवला होता.

आज बैठक झाली. तेही सांगते.

पाणी पायरीला लागलेलं. सगळे जमले. काशिनाथ पुढे बसला, दोन्ही बाजूंना म्हातारे. विहीर देवळामागे खणायची, हे म्हाताऱ्यांनी आधीच आपसात ठरवलं होतं, ते तोंडावरच दिसत होतं. काशिनाथानं बोलायला तोंड उघडलं आणि मी मागून उभी राहिले. बारा वर्षांपूर्वी उभी होते तिथंच, बायकांत.

मी म्हटलं, "पाटील, तुम्ही कारण विचारलं होतंत. मिळालं."

काशिनाथ म्हणाला, "बोल."

"देवळाखालच्या धक्क्याच्या वेळी तिथं गाळ आहे हे माझ्या मामाला ठाऊक होतं. तो गप्प बसला. थोरले आधी बोलले म्हणून. पाटीलकी मिळाल्यावर त्यानं अशी रीत काढली, की ज्याला माहीत आहे त्याला गप्प बसायला जागाच राहू नये. हे कारण."

लोक कुजबुजायला लागले. एक म्हातारा म्हणाला, मेलेल्या माणसाला असं चारचौघांत बोलतात का? खरं होतं, मामा. तुझी बदनामी मीच करत होते, तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी. पण मागे फिरायला आता वाट नव्हती. मी म्हटलं, "त्याला एकट्याला बोलत नाही. त्या बैठकीला इथे कोण कोण होतं? त्यातल्या ज्याला ज्याला गाळाचं ठाऊक होतं, त्यानं हात वर करा."

कोणी हलेना. मला वाटलं, झालं, आता पुन्हा कोणीतरी येऊन मनगट धरणार.

मग दामानं हात वर केला. सरळ, पार डोक्याच्या वर. मग त्याच्या शेजारच्या नाखव्यानं केला. मग एकेक करत आणखी चार जण. सगळ्यात शेवटी, मेलेल्याला बोलू नये म्हणणारा तो म्हातारा, त्यानं कोपरापर्यंतच हात उचलला आणि म्हणाला, "माझा बा मना थितंच पवायला शिकवायचा."

काशिनाथ त्या हातांकडे बघत राहिला. त्यानं डोक्याचा रुमाल काढला, तोंड पुसलं, आणि एखाद्या लहान पोरानं विचारावं तसं विचारलं, "सुकती कवा हाय?"

"सांजच्याला," बायका एकदम म्हणाल्या.

"मंग सांजच्याला बसू. खाली."

पाणी उतरेपर्यंत घरी जावं, असं कोणाच्या मनात आलं नाही. कोणी भात आणला, कोणी सुकं भाजून आणलं, आये लंगडत लंगडत हंडा घेऊन आली. आणि सूर्य खाली आला तेव्हा सगळे वाळूच्या कडेला बसलो. धाकटी निघाली दामाची नात, सोनी, दहा वर्षांची. ती म्हणाली, देवळामागचं पाणी शिमग्यापासून मचूळ लागतं, आम्ही पोरी खड्डे खणून बघतो ना. उंडीच्या झाडाखालचं पाणी मे महिन्यातही गोड असतं. ती बोलत असताना काशिनाथ तिच्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता. आणि म्हाताऱ्यांतला एकही जण हसला नाही. विहीर उंडीखाली होणार आहे. आणि ही रीत मी कागदावर लिहिली, खाली अंगठे घेतले, काशिनाथाची सही घेतली. तुझा उद्या मी आज करून टाकला.

आता घरी येऊन बसलेय आणि एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. सात हात वर आले, मामा. तू तिथं असतास तर आठवा तुझा आला असता का? माझ्या देखत? मला वाटतं, आला नसता. तू पुन्हा पान कोंबलं असतंस. माझ्यापुढे तोंडानं कबूल करणं तुला जमणार नव्हतं, म्हणून तू सगळं गाव ओहोटीला खाली नेऊन बसवलंस आणि दर बैठकीला पोरांचं ऐकत राहिलास.

एकदा सांगितलं असतंस, यमू, मला ठाऊक होतं, तर मी दोन दिवस भांडले असते आणि तिसऱ्या दिवशी तुझ्या ताटात मासळी वाढली असती. तू त्याला नऊ वर्षं लावलीस, वेड्या.